झाओ लियू, कोर्यू: हनोई आणि शिझुओकातले वीस दिवस

सांस्कृतिक देवाणघेवाणीला व्हिएतनामी माणूस ‘झाओ लियू’ म्हणतो आणि जपानी माणूस ‘कोर्यू’. कानाला वेगळे वाटले तरी दोन्ही शब्द एकाच चिनी अक्षरजोडीचे उच्चार आहेत. पहिलं अक्षर एकमेकांत मिसळण्याचं, दुसरं वाहण्याचं. हे आम्हाला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही, ते कळायला आठवडा गेला. म्हणून इथे आधीच सांगून ठेवतो, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आम्ही दोघी पुण्यात जपानी शिकलो आणि वर्षभरासाठी जपानच्या शिझुओका प्रांतातल्या एका विद्यापीठात आलो. त्या विद्यापीठाचा हनोईतल्या विद्यापीठाबरोबर दोन टप्प्यांचा कार्यक्रम असतो. दहा दिवस हनोईत, मग मधे खंड, मग दहा दिवस शिझुओकात. आमच्या तुकडीत २४ जण होते: ११ व्हिएतनामी, ११ जपानी आणि जपानी विद्यापीठाच्या यादीतून गेलेल्या आम्ही दोघी. २०२४ साली टेट, म्हणजे व्हिएतनामी नववर्ष, १० फेब्रुवारीला होतं. हनोईचा टप्पा त्याच्या अगदी आधी होता आणि शिझुओकाचा फेब्रुवारीच्या अखेरीला. जपानात वर्षभरासाठी येणाऱ्या मराठी मुलामुलींना अशा कार्यक्रमांची संधी मिळते, पण अर्ज करताना कुणाला विचारावं तेच कळत नाही. त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत.

कागदपत्रांच्या बाबतीत तिन्ही देशांच्या मुलांची तीन तऱ्हेची धावपळ असते. जपानी पासपोर्टवाल्यांना व्हिएतनाममध्ये ४५ दिवस व्हिसा लागत नाही, त्यामुळे त्यांना या विषयात फारसं सांगता येत नाही. भारतीयांना इ-व्हिसा काढावा लागतो. एकदाच प्रवेश करायचा असेल तर शुल्क २५ डॉलर, मुदत जास्तीत जास्त ९० दिवस. अर्ज चुकला तर पैसे परत मिळत नाहीत. सगळ्यात जास्त चूक नावात होते. आपल्या पासपोर्टवर बहुतेकदा स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं. विमानाच्या तिकिटावर आपण वडिलांचं नाव गाळतो आणि त्याच सवयीने व्हिसाच्या अर्जातही गाळतो. ते चालत नाही. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन यंत्राने वाचायच्या ओळी असतात. नाव त्यांत जसं आहे, अक्षर न अक्षर तसंच भरायचं. नियमाने तीन कामाच्या दिवसांत उत्तर येतं, पण टेटच्या सुमारास सरकारी कचेऱ्या आठवडाभर बंद असतात. तीन आठवडे आधी अर्ज टाकला की जीव टांगणीला लागत नाही. मंजुरी आली की कागदावर छापून घ्यायची.

दुसरी गोष्ट जपानातून निघतानाची, आणि ती व्हिसापेक्षाही महत्त्वाची. विद्यार्थी म्हणून राहणाऱ्यांकडे रेसिडेन्स कार्ड असतं. विमानतळावर बाहेर पडताना पुनर्प्रवेशाचं एक छोटं कार्ड भरतात. त्यावर ‘तात्पुरतं बाहेर जात आहे, परत येणार आहे’ अशा अर्थाची चौकट असते. या सोयीचं जपानी नाव ‘मिनाशी साइन्यूकोकु’. त्या चौकटीत खूण करून रेसिडेन्स कार्ड दाखवलं की वर्षाच्या आत परत येता येतं. खूण राहिली तर तुमचा राहण्याचा दर्जाच संपू शकतो आणि परदेशातून व्हिसासाठी पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो. रांगेत मागे माणसं असतात, घाई होते, तरी ती चौकट दोनदा बघायची.

व्हिएतनामी मुलांचं काम सगळ्यात कठीण. जपानी विद्यापीठाने त्यांच्यासाठी निमंत्रणाचं कारण सांगणारं पत्र, हमीपत्र आणि दिवसवार मुक्कामाचा तक्ता पाठवायचा असतो. तक्त्यात प्रत्येक रात्रीचा पत्ता आणि फोन हवा. होमस्टेची घरं उशिरा ठरतात, तक्त्यात दोन रात्री कोऱ्या राहतात आणि सगळा अर्ज अडतो. त्यावर उपाय असा, की घरं ठरेपर्यंत विद्यापीठाच्या वसतिगृहाचा पत्ता आधी पक्का करून तोच लिहायचा आणि घरं ठरली की तक्ता बदलून पाठवायचा. जपानचा एकदाच प्रवेशाचा व्हिसा मिळाल्या तारखेपासून तीन महिने चालतो आणि ती मुदत वाढत नाही. फार लवकर काढून ठेवण्यातही धोका आहे तो यामुळे.

हनोईत उतरल्यावर पहिली गडबड नावांची. व्हिएतनामी नावात आडनाव पहिलं आणि हाक मारायचं नाव शेवटचं. आडनाव गुयेन असलेले इतके, की जपानी समन्वयकाने पद्धतीप्रमाणे आडनावाला ‘सान’ जोडून हाक मारली तर निम्म्या बाकावरून हात वर येतात. व्हिएतनाममध्ये शिक्षकांनाही आडनावाने हाक मारत नाहीत. आणि आपलं काय होतं? आपण आडनाव शेवटी लिहितो. व्हिएतनामी यजमान शेवटचा शब्द म्हणजे हाक मारायचं नाव असं धरून चालतात. तुमचं आडनाव कुलकर्णी असेल तर दहा दिवस सगळं घर प्रेमाने ‘कुलकर्णीताई’ म्हणणार. गळ्यातल्या ओळखपत्रावर पूर्ण नाव छापू नये. वर मोठ्या अक्षरांत हाक मारायचं एकच नाव असावं आणि ते तीन लिप्यांत असावं: रोमन, जपानी काताकाना आणि ज्याची त्याची लिपी. आमच्या ओळखपत्रावर देवनागरी होती. तिच्यामुळे पहिल्या तासातच पाच जण बोलायला आले.

नावानंतर वय. व्हिएतनामी बोलताना ‘मी’ आणि ‘तू’ हे शब्द नात्याचे असतात. समोरचा मोठा मुलगा असेल तर ‘आन्ह’, मोठी मुलगी असेल तर ‘ची’, लहान असेल तर ‘एम’. आणि स्वतःलाही तसंच म्हणायचं. म्हणजे लहान मुलगी मोठ्या मुलीशी बोलताना ‘मी जाते’ असं न म्हणता ‘धाकटी जाते’ असं म्हणते. दादा, ताई, काका, काकू यांत वाढलेल्या मराठी माणसाला हे पाच मिनिटांत कळतं. पण त्यासाठी वय माहीत हवं. म्हणून भेटल्याबरोबर व्हिएतनामी मुलं विचारतात, ‘तुझं जन्मसाल कोणतं?’ जपानी मुलं ऐकून गप्प होतात. त्यांच्याकडे पहिल्या भेटीत वय विचारणं आगाऊपणा समजतात. व्हिएतनामी मुलांना वाटतं, हे लोक जवळ येऊ देत नाहीत. दोघांचाही हेतू आदराचाच असतो. एकाला आदर दाखवायला वय लागतं, दुसरा आदर म्हणून वय विचारत नाही.

यातून वाट राशिचक्राची. बारा वर्षांचं प्राण्यांचं चक्र दोन्हीकडे आहे आणि जपानातही ‘तुझं वर्ष कोणत्या प्राण्याचं’ हे विचारणं मोकळेपणाचं मानलं जातं. उत्तरावरून वयाचा अंदाज येतो. फक्त तीन-चार प्राणी वेगळे आहेत. जपानचा ससा व्हिएतनाममध्ये मांजर होतो, जपानच्या बैलाच्या जागी म्हैस येते आणि शेवटचा प्राणी व्हिएतनाममध्ये डुक्कर तर जपानात रानडुक्कर आहे. फळ्यावर दोन चक्रं काढून प्रत्येकाने आपल्या प्राण्यापुढे उभं राहायचं, हा पहिल्या दिवसाचा सगळ्यात चांगला खेळ. त्याला वीस मिनिटं पुरतात आणि त्यानंतर कुणाला कोणत्या नात्याने हाक मारायची हा प्रश्न उरत नाही.

आता थंडी. आपल्याकडे व्हिएतनाम म्हटलं की उकाडा डोळ्यांपुढे येतो. तो दक्षिणेतला. उत्तरेत जानेवारी-फेब्रुवारीत पारा दहा ते अठराच्या दरम्यान असतो, बारीक पाऊस भुरभुरत राहतो आणि घरांत हीटर नसतो. घरातली थंडी बाहेरच्यापेक्षा बोचते. जपानात घालता तेच गरम कपडे इथेही घ्या. अंघोळीच्या पाण्याच्या गिझरचं बटण दहा-पंधरा मिनिटं आधी लावायचं आणि अंघोळीला शिरताना बंद करायचं. जुन्या घरांत विजेचा झटका बसू नये म्हणून यजमान हे बजावून सांगतात, आणि ते ऐकायचं. होमस्टेच्या पहिल्या संध्याकाळी यजमान पासपोर्ट मागतात. परदेशी पाहुण्याची स्थानिक पोलिसांकडे नोंद करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. घाबरू नका, छायाप्रत जवळ ठेवा.

पैशांत एक फसगत हमखास होते. २० हजार आणि ५ लाख डोंगच्या नोटा दोन्ही निळसर असतात. रात्री रिक्षावाल्याला किंवा फळवालीला घाईत चुकीची दिली तर पंचवीसपट पैसे जातात. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवणं हा एकच खरा उपाय. आणि रस्ता ओलांडताना दुचाक्यांच्या लोंढ्यात थबकायचं नाही, पळायचं नाही, मागे तर मुळीच यायचं नाही. एका संथ चालीने चालत राहिलं की चालवणारे तुमचा अंदाज घेऊन बाजूने जातात. बससमोर मात्र हा नियम नाही, बस आली की थांबायचं.

शाकाहारी असाल तर ‘आन चाय’ हे दोन शब्द पाठ करा. पौर्णिमेला आणि चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी पुष्कळ बौद्ध घरांत ‘चाय’ खातात, आपल्याकडच्या एकादशीसारखंच. त्यामुळे हा आहार सगळ्यांना ठाऊक असतो आणि ‘कोम चाय’ अशी पाटी लावलेल्या खाणावळी बऱ्याच दिसतात. कडक पाळणारे कांदा-लसूणही वर्ज्य करतात, हे जैन घरातल्या मुलांना उपयोगी पडेल. साध्या हॉटेलात मात्र भाजीतही ‘नुअक माम’, म्हणजे माशांचं आंबवलेलं पाणी, घालतात. ‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही. जपानात हीच अडचण ‘दाशी’ची. सुक्या बोनितो माशाच्या चकत्यांचं ते पाणी मिसो सूपमध्ये, उकडलेल्या भाजीत, अंड्याच्या वडीत सगळीकडे असतं. ‘मासे खात नाही’ म्हटल्यावर यजमानीण माशाचा तुकडा काढते आणि दाशी तशीच राहते, कारण तिच्या लेखी ते मासे नव्हेत. होमस्टेच्या अर्जातच लिहा: कोम्बू या समुद्री वनस्पतीची किंवा सुक्या शिताके मशरूमची दाशी चालेल. काय चालत नाही यापेक्षा काय चालेल हे सांगितलं की यजमानांचा जीव भांड्यात पडतो.

जेवणाच्या ताटावर दोन्ही पाहुणचारांची गाठ पडते ती जास्त अवघड. उत्तर व्हिएतनाममध्ये जेवण सुरू करण्याआधी धाकट्याने मोठ्यांना एकेकाचं नातं घेऊन ‘जेवा’ म्हणायचं असतं, त्या शब्दाला ‘मोई’ म्हणतात. आजी, आजोबा, काका, काकू असा क्रम. मग यजमानीण चांगला घास उचलून पाहुण्याच्या वाटीत घालते. ती चॉपस्टिक्स उलट्या करून वरच्या टोकाने वाढत असेल तर ती तिची काळजी आहे. जपानात मात्र चॉपस्टिक्स उलट्या करून वाढणं बरं दिसत नाही, वाढायच्या वेगळ्या असतात. आणि एका चॉपस्टिकवरून दुसऱ्या चॉपस्टिकवर घास देणं तर कधीच नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. जपानी मुलगा वाढलेला घास चॉपस्टिकने झेलायला कचरतो तो याचमुळे. त्याने वाटी पुढे करायची, घास वाटीत पडू द्यायचा. हे आधी सांगून ठेवलं की दोन्हीकडे कुणाचा चेहरा पडत नाही.

एक शब्द मात्र कार्यक्रमभर छळतो. जपानी ‘हाय’ आणि व्हिएतनामी ‘झा’ या दोन्हींचं भाषांतर ‘हो’ असं करतात. प्रत्यक्षात दोन्ही आपल्या ‘हं’ सारखे आहेत: ऐकतोय, बोला. ‘उद्या बस पावणेआठला मागच्या फाटकातून सुटेल, कळलं?’ यावर अकरा हाय आणि अकरा झा आले आणि सकाळी सात जण पुढच्या फाटकापाशी उभे होते. तेव्हापासून आम्ही पद्धत बदलली. सूचना देणाऱ्याने शेवटी ‘कळलं का’ न विचारता ‘किती वाजता? कुठून?’ असं विचारायचं आणि प्रत्येक गटातल्या एकाने आकडा बोलून दाखवायचा.

सादरीकरणांबद्दल मोकळेपणाने लिहितो, कारण अशा कार्यक्रमांचा वेळ सगळ्यात जास्त तिथे वाया जातो. प्रत्येक गटाला पंधरा मिनिटं. जपानी गट चार ऋतू आणि ॲनिमे दाखवतो, व्हिएतनामी गट आओ झाय हा लांब झग्याचा पोशाख आणि फो हे नूडल्सचं सूप दाखवतो, मग ‘काही प्रश्न?’ आणि शांतता. ही माहिती सगळ्यांनी आधीच फोनवर पाहिलेली असते. त्याऐवजी सहा मिनिटं द्यावी आणि घरातली एक वस्तू आणायला सांगावी. आम्ही पुरणयंत्र नेलं होतं. ते कशासाठी हे ओळखायला लावलं. जपानी मुलांना वाटलं सोबा नूडल्ससाठी, व्हिएतनामी मुलांना वाटलं बून नावाच्या शेवयांसाठी, आणि मग तिन्ही देशांत शेवया कशा करतात यावर अर्धा तास गेला.

या सगळ्या दहा दिवसांचा खरा गाभा एकाच रात्रीत होता: बान्ह चुंग करण्याच्या.

बान्ह चुंग हा टेटचा चौकोनी भात. चिकट तांदूळ, सोललेल्या मुगाची डाळ आणि डुकराचं मांस पानात बांधून रात्रभर उकळतात. चौकोन म्हणजे पृथ्वी, अशी व्हिएतनामच्या प्राचीन हुंग राजांच्या काळची आख्यायिका आहे. एका नगाला साधारण अर्धा किलो तांदूळ, पावशेराच्या आसपास डाळ, दीडशे ग्रॅम मांस आणि ‘ला झोंग’ची चार-पाच मोठी पानं लागतात. आम्ही ३० नग केले, म्हणजे १५ किलो तांदूळ. तांदूळ सहा ते आठ तास भिजवून पूर्ण निथळायचा आणि मग मीठ लावायचं. निथळला नाही तर भात बाहेरून गिच्च होतो. डाळ भिजवून वाफवून, गरम असतानाच कुस्करून त्याचे गोळे करायचे. पानं दोन्ही बाजूंनी धुऊन फडक्याने एकेक पुसायची, मधला जाड दांडा पात्याने पातळ करायचा. कोकणात पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसतात ना, तेच काम, फक्त पान हातभर लांब.

लाकडी चौकट वापरली तर नवशिक्यालाही जमतं. पान आधी लांबीत, मग रुंदीत दुमडून चौकटीच्या बाजूच्या मापाने कापायचं. उघडलं की त्याचा कोपरा तयार होतो. असे चार कोपरे चौकटीत बसवायचे. आतल्या पानांची चकचकीत हिरवी बाजू भाताकडे हवी, तरच भाताला तो फिकट हिरवा रंग चढतो. मग निम्मा तांदूळ, डाळ, मांस, पुन्हा डाळ, वर उरलेला तांदूळ. बोटांनी कोपऱ्यांत तांदूळ आधी दाबायचा. कोपरे रिकामे राहिले तर शिजल्यावर चौकोन गोल होतो. पानं मिटवून चौकट अलगद वर उचलायची आणि ‘लात’ नावाच्या, बांबूच्या ओल्या पट्ट्यांनी दोन आडव्या, दोन उभ्या बांधायच्या, फुली-गोळ्याच्या चौकटीसारख्या.

चूक होते ती इथेच. जपानी मुलांचा हात नेटका, त्यांनी पट्ट्या करकचून आवळल्या. तांदूळ शिजताना फुगतो, त्याला जागा न मिळाल्याने दोन नग पान फाडून बाहेर आले. सैल बांधले तर पाणी आत शिरून भात पाणचट होतो आणि तीन दिवसांत आंबतो. बांधल्यावर नग हातात धरून हलवायचा. आत काही हलता कामा नये, पण अंगठा दाबला तर किंचित दबला पाहिजे. आमच्यासाठी मांसाऐवजी शिताके मशरूम घातलेले चार नग होते. त्यांना लाल दोरा बांधला, कारण उकळल्यावर तीसही नग सारखेच दिसतात.

पातेल्याच्या तळाशी पानांचे देठ अंथरायचे, म्हणजे खालचे नग करपत नाहीत. नग खेटून लावायचे आणि पाणी कायम त्यांच्या वर राहिलं पाहिजे. आमचे दहा तास उकळले. दर तासाभराने पाणी घालावं लागतं आणि ते उकळतंच हवं. गार पाणी ओतलं तर उकळी मोडते आणि आतला तांदूळ कचकचीत राहतो. म्हणून बाजूला दुसरी किटली सतत चुलीवर असते. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्या, प्रत्येक पाळीत चार-पाच जण, आणि दोन्ही देशांचे असलेच पाहिजेत अशी अट. सादरीकरणाच्या वेळी तोंड न उघडलेली जपानी मुलं रात्री दोन वाजता लाकूड सरकवताना मोडक्यातोडक्या व्हिएतनामी शब्दांत विचारत होती: पाणी? अजून? आता? बोलायला कारण मिळालं होतं, आणि चूक झाली तर भात कच्चा राहणार एवढंच भय होतं. पहाटे नग काढून गार पाण्यात धुतले आणि दोन फळ्यांमध्ये, वर वीट ठेवून, पाणी निथळेपर्यंत दाबले. कापायला सुरी वापरत नाहीत. पान उलगडून त्याच पट्ट्या नगावर ताणून ठेवायच्या आणि खेचायच्या, आठ तुकडे होतात.

२ फेब्रुवारीला, चांद्रमासाच्या तेविसाव्या दिवशी, चुलीच्या देवांना निरोप देतात. कार्प मासे तळ्यात सोडतात, देव त्यांच्यावर बसून स्वर्गात जातात अशी समजूत आहे. आपण सोडत असलात तर मासा पिशवीतून वरून फेकू नका. पाण्याच्या कडेला बसून पिशवी आडवी धरा, मासा आपोआप जाऊ द्या आणि पिशवी परत आणा.

शिझुओकाच्या टप्प्यात व्हिएतनामी मुलांना सगळ्यात जास्त धास्ती अंघोळीची होती. नियम सोपे आहेत. टबाच्या बाहेर, छोट्या स्टुलावर बसून साबण लावून पूर्ण धुवायचं आणि स्वच्छ होऊनच टबात उतरायचं. टबातलं पाणी सगळ्या घराचं असतं. बाहेर आल्यावर बूच काढायचं नाही, झाकण लावायचं. पाहुण्याला बहुतेक पहिला मान देतात, म्हणून चूक झाली तर सगळ्या घराला पाणी पुन्हा तापवावं लागतं. दोन घरांत बूच निघालंच. संडासातल्या चपला संडासातच राहतात, हे तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. वेळेचं एक सांगतो: नऊला जमायचं म्हणजे आठ पन्नासला. उलट हनोईत दुपारी बारा ते दीड झोपेची वेळ, तेव्हा यजमानांच्या घरी फोनही करू नये.

चहाचा वर्ग छान झाला. शिझुओका चहाचा प्रांत, पण फेब्रुवारीत खुडणी नसते, पहिली खुडणी एप्रिलअखेरची. म्हणून पानं नाही, पाणी शिकवलं. इथला सेंचा हा हिरवा चहा वाफवलेला असतो. त्याला सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी आणि मिनिटभर. उकळतं ओतलं की कडू होतो. व्हिएतनामी मुलांनी थाय न्गुयेनचा हिरवा चहा आणला होता. तो कढईत भाजून वाळवलेला, त्यांना तो कडक आणि उकळत्या पाण्यातलाच आवडतो. दोन्ही पेले शेजारी ठेवून प्यायलो तेव्हा ‘हिरवा चहा’ या एका नावाखाली किती अंतर आहे ते जिभेला कळलं.

शब्दांच्या पत्त्यांची ओळख इथेच झाली. पन्नास पत्ते, एका बाजूला चिनी अक्षरं, दुसऱ्या बाजूला कोरं. जपानी मुलांना अक्षर वाचता येतं. व्हिएतनामी लिपी आता रोमन आहे, मुलांना अक्षर ओळखता येत नाही, पण शब्द तोंडात असतो. ‘चूई’ ऐकलं की ‘चू ई’, लक्ष द्या. ‘जुंबी’ ऐकलं की ‘च्वान बी’, तयारी. ‘इकेन’ आणि ‘ई किएन’, मत. संस्कृत शब्द मराठीत आणि बंगालीत भेटावेत तसं. आणि फसवणारेही आहेतच. ‘झाओ सू’ म्हणजे व्हिएतनामीत प्राध्यापक, तीच अक्षरं जपानीत ‘क्योशी’, म्हणजे साधे शिक्षक. ‘बाक सी’ तिकडे दवाखान्यातले डॉक्टर, इकडे पीएचडी झालेले. मराठीत ‘शिक्षा’ झाली आणि हिंदीत ‘शिक्षा’ मिळाली यातला फरक आम्ही सांगितला तेव्हा त्यांना लगेच पटला. फसव्या शब्दांचे पत्ते वेगळ्या रंगाचे करा.

हे पत्ते कामी आले ते शिझुओकातल्याच फुकुरोई शहरात. १९०५ मध्ये व्हिएतनामी स्वातंत्र्यलढ्याचे नेते फान बोय चाऊ जपानात आले आणि त्यांनी ‘डोंग झू’, म्हणजे ‘पूर्वेकडे चला’ ही चळवळ उभी केली. फ्रेंच सत्तेखालच्या व्हिएतनाममधून सुमारे दोनशे तरुण शिकायला जपानात आले. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजेही त्याच सुमारास, अमेरिकेला जाण्याआधी, काही काळ जपानात होते. १९०७ मध्ये फ्रान्स आणि जपान यांच्यात करार झाला, विद्यार्थ्यांची पांगापांग झाली आणि १९०९ मध्ये फान यांनाही जपान सोडावा लागला. त्या हलाखीच्या दिवसांत आसाबा साकितारो नावाच्या डॉक्टरांनी त्यांना १७०० येन दिले. १९१० मध्ये आसाबा वारले. १९१८ मध्ये फान पुन्हा आले आणि त्यांनी गावकऱ्यांच्या मदतीने डॉक्टरांच्या स्मरणार्थ इथल्या जोरिनजी मंदिरात शिळा उभारली. ती आजही तिथे आहे.

शिळेवरचा मजकूर चिनी अक्षरांत आहे. दगड उन्हात नीट वाचता येत नाही, म्हणून मजकुराची छापील प्रत आधीच प्रत्येकी एक काढून न्यावी, आणि पाऊण तास तरी ठेवावा. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत पंधरा मिनिटं होती, ती मागून वाढवून घेतली. जपानी मुलांनी एकेक अक्षर जपानी उच्चाराने वाचायचं, व्हिएतनामी मुलांनी तो उच्चार ऐकून आपल्या तोंडातला शब्द शोधायचा. ‘कोकुनान’ लगेच मिळाला: ‘क्वोक नान’, देशावरचं संकट. ‘तुम्ही आकाशासारखं दिलंत, मी समुद्रासारखं घेतलं’ अशी एक ओळ आहे. त्यातल्या समुद्राला जपानी बेट होक्काइदोच्या नावातला ‘काइ’ आणि व्हिएतनामी शहर हाय फोंगच्या नावातला ‘हाय’ जुळले.

पुढच्या चार अक्षरांशी गाडी अडली. पहिली दोन ‘माझा संकल्प’, तिथवर आलो. उरलेली दोन एका जपानी मुलीने वाचली, ‘मि, सेइ’, आणि अर्थ न सांगता म्हणाली, ‘मिसेइनेन’ मधला. मिसेइनेन म्हणजे अल्पवयीन, अजून सज्ञान न झालेला. शेजारचा हनोईचा मुलगा म्हणाला, ‘वी थान्ह निएन’, आमच्याकडेही तोच शब्द. मग दोघांनी शेवटचं ‘वर्षं’ हे अक्षर मनातून काढून टाकलं आणि उरलेलं शिळेवर बोट ठेवून एकदा जपानीत, एकदा व्हिएतनामीत वाचलं: अजून पुरा न झालेला.